अंतराळांतील भाडोत्री नौका

इ. स. २०११ च्या जुलै महिन्यांत अटलांटिस हें अमेरिकेचें अंतराळयान आपल्या शेवटच्या फेरीवर असतां आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकास जाऊन लागलें. यानांत चार माणसें होतीं. स्थानकाचा निरोप घेतेवेळीं त्यांनीं तेथील दारावर एक लहानसा ध्वज लावून ठेवला. ध्वज साधाच, परंतु त्यास इतिहास होता. १९८१ सालीं या जातीच्या यानांची अगदीं पहिली फेरी झाली तेव्हां तो कोलंबिया यानांतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला होता. आतां शेवटच्या फेरीनें तो वर नेऊन ठेवला आणि संकेत असा ठरला कीं, यापुढें अमेरिकेच्या भूमीवरून उड्डाण करून जे अंतराळवीर प्रथम येथें येतील त्यांनीं तो खालीं न्यावा. तो न्यावयास माणसें येण्यास पुढें जवळजवळ नऊ वर्षें लागलीं. आणि जीं आलीं तीं सरकारी यानांतून आलीं नाहींत, एका खासगी कंपनीच्या यानांत सरकारनें भाड्यानें घेतलेल्या आसनांवर बसून आलीं.

राज्यसत्तेनें स्वतःचीं जहाजें बांधावयाचें सोडून दुसऱ्याच्या जहाजांत आपलीं माणसें बसवावीं, ही गोष्ट समुद्रावर फार जुनी आहे. अंतराळांत ती अगदींच नवी. ती कशी घडून आली, तींत काय साधलें व काय साधलें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

स्थानक पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतें. अंतर म्हणून पाहिलें तर हें कांहींच नव्हे. मुंबईहून कोल्हापुरास जाणाऱ्यास जवळजवळ तेवढाच रस्ता तुडवावा लागतो. अडचण उंचीची नसून वेगाची आहे. स्थानक ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें धांवतें, सुमारें दीड तासांत पृथ्वीस एक प्रदक्षिणा घालतें, आणि तोच वेग अंगीं आल्यावांचून कोणतेंहि यान त्याच्या शेजारीं जाऊन उभें राहूं शकत नाहीं. कोल्हापूरचा तो पल्ला या वेगानें एका मिनिटाच्या आंत संपेल! जातांना हा वेग अग्निबाणाच्या इंधनानें मिळवावयाचा आणि येतांना वातावरणाशीं घर्षण होऊन तो सारा घालवावयाचा. दोन्ही वेळीं चूक झाली तर ती सुधारण्यास अवसर फारसा मिळत नाहीं. या स्थानकाचा पहिला भाग १९९८ च्या नोव्हेंबरांत वर गेला, आणि २००० सालच्या २ नोव्हेंबरपासून तेथें मनुष्याचा वास अखंड चालू आहे. अर्थात् माणसांची ने-आण ही तेथली नित्याची गरज आहे. शिधा संपावा तशी तेथील मंडळींची मुदतहि संपत असते.

ही ने-आण प्रथम मुख्यतः अमेरिकेचीं शटल यानें करीत. शटल म्हणजे मागावरचा धोटा. धोट्याप्रमाणें पुनःपुन्हां इकडून तिकडे जाणारें यान, म्हणून हें नांव. पंख असलेलें, विमानासारखें धांवपट्टीवर उतरणारें, सात माणसें आणि त्यांच्याबरोबर स्थानकाचे अवजड भाग एकदमच वाहून नेणारें असें तें यंत्र खरोखर विलक्षण होतें. त्याच्यावांचून स्थानक उभेंच राहिलें नसतें. परंतु त्यांत एक मोठा दोष होता. माणसें अग्निबाणाच्या टोंकावर नसून त्याच्या कुशीस बसत, आणि उड्डाणाच्या वेळीं कांहीं बिघडलें तर त्यांना सुटून जाण्यास वाट नव्हती. १९८६ सालच्या २८ जानेवारीस चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलें व आंतील सातहि जण मरण पावले. त्याच्या आदल्या रात्रीची हकीकत पुढें येईल. २००३ सालच्या १ फेब्रुवारीस कोलंबिया परत येत असतां वातावरणांत विस्कळित होऊन पडलें. उड्डाणाच्या वेळीं इंधनाच्या टांकीवरील हलक्या आवरणाचा एक तुकडा निखळून पंखावर आदळला होता, आणि त्या भगदाडांतून तप्त वायु आंत शिरला. त्या सात जणांत कर्नालची कन्या कल्पना चावला होती, हें भारतीयांच्या स्मरणांत कायमचें राहिलें आहे.

या दुसऱ्या आघातानंतर शटलचें आयुष्य संपल्यासारखेंच होतें. २००४ च्या जानेवारींत अध्यक्ष बुश यांनीं जाहीर केलें कीं, स्थानकाचें बांधकाम पुरें होतांच हीं यानें मोडींत निघतील व त्यांच्या जागीं नवीन सरकारी यान येईल. जुनें मोडण्याचा बेत पार पडला. नवें येण्याचा मात्र पडला नाहीं. नव्या यानाचें व त्याच्या अग्निबाणाचें काम लांबत गेलें, खर्च वाढत गेला, आणि २०१० सालीं अध्यक्ष ओबामा यांच्या सरकारनें ती योजना गुंडाळण्याचें ठरविलें. १३५ फेऱ्या करून शटल थांबलें, आणि ज्या राष्ट्रानें चंद्रावर माणसें उतरविलीं त्यास आपलीं माणसें ४०० किलोमीटरवर पाठविण्यासहि साधन उरलें नाहीं.

उरली ती रशियाची सोयूझ. तीन आसनांची, दिसण्यांत ओबडधोबड, परंतु भरंवशाची. कझाकस्तानांतील बैकोनूर येथून ती निघे. अमेरिका तींत आसनें विकत घेऊं लागली. नदीस उतार एकच आणि नाव एकच म्हटल्यावर नावाडी काय करतो हें सांगावयास नकोच. २००६ ते २०२० या काळांतील आसनांचा हिशेब नासाच्या तपासनिसांनीं मागाहून मांडला आहे. त्यांत दर आसनाचें भाडें सुमारें २ कोटी १३ लाख डॉलरांपासून चढत चढत ८ कोटी ६० लाख डॉलरांपर्यंत गेलेलें दिसतें. पैशापेक्षांहि बोंचणारी गोष्ट परावलंबनाची होती. २०१४ सालीं क्रिमियाच्या प्रश्नावरून उभय राष्ट्रांत वितुष्ट आलें, तेव्हां रशियाच्या उपपंतप्रधानांनीं थट्टेनें सुचविलें कीं, अमेरिकनांनीं उड्या मारण्याच्या जाळीवरून उडून स्थानकावर जावें. थट्टा झोंबली, कारण तींत खोटें फारसें नव्हतें. तथापि रशियानें स्थानकाची ने-आण त्या काळांत बंद पाडली नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

दरम्यान दुसरा एक विचार मूळ धरीत होता. अमेरिकन टपालखात्यानें १९१८ सालीं विमानानें टपाल नेण्यास आरंभ केला, तेव्हां थोड्याच दिवसांत विमानें व वैमानिक हीं दोन्हीं खात्याचींच झालीं. १९२५ सालीं कायदा होऊन तें काम खासगी कंपन्यांस मक्त्यानें देण्यांत आलें. टपालाच्या बांधलेल्या उत्पन्नावर त्या कंपन्या तगल्या व पुढें उतारू नेऊं लागल्या. शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को हा टपालमार्ग १९२७ सालीं बोइंगच्या कंपनीनें घेतला होता. हेंच नांव या कथेंत पुन्हां येणार आहे. मग जें टपालाच्या बाबतींत झालें तें अंतराळाच्या बाबतींत कां होऊं नये, असें म्हणणारे लोक नासांत, म्हणजे अमेरिकन सरकारच्या अंतराळसंस्थेंत, आणि नासाच्या बाहेरहि होते.

यांत नवें काय, असा प्रश्न कोणी विचारील. कारण पूर्वींचीं यानेंहि कांहीं सरकारी कारखान्यांत घडत नव्हतीं, खासगी कारखानेच तीं बांधून देत. भेद होता तो कराराच्या रीतींत. घर बांधणारा एक तर गवंड्यास रोजंदारीवर लावतो किंवा सर्व काम उक्तें देतो. रोजंदारींत विटेविटेवर मालकाची देखरेख राहते, पण काम लांबलें तर भुर्दंड मालकासच बसतो, आणि काम लांबावें असें गवंड्यास वाटण्यास कारणहि मिळतें. उक्त्या कामांत रक्कम आधींच ठरलेली; अधिक लागलें तर तें कंत्राटदाराच्या पदरचें. शटलपर्यंतचें काम पहिल्या रीतीचें होतें. खर्च होईल तो सरकारनें द्यावा, वर नफा द्यावा, आणि यान सरकारचें. नवी रीत दुसऱ्या प्रकारची होती, व तिच्यांत आणखी एक पायरी होती: बांधलेलें घरसुद्धां कंत्राटदाराचेंच, सरकार त्यांत केवळ भाडेकरू.

प्रथम हा प्रयोग मालावर करून पाहिला गेला, हें शहाणपणाचें झालें. २००६ सालीं दोन कंपन्या निवडल्या. त्यांपैकीं एक भांडवल उभारूं न शकल्यामुळें दुसऱ्याच वर्षीं गळाली. दुसरी होती स्पेसएक्स. एलॉन मस्क यांनीं २००२ सालीं ही कंपनी काढली, तेव्हां तिला कोणी फारसें गंभीरपणें घेत नसत. तिचा पहिला लहान अग्निबाण पॅसिफिक महासागरांतील एका बेटावरून तीनदां सोडण्यांत आला आणि तीनहि वेळां फसला. चौथा २००८ च्या २८ सप्टेंबरास यशस्वी झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नासानें माल वाहण्याचा मक्ता तिला दिला. २०१२ च्या मे महिन्यांत तिची ड्रॅगन नांवाची कुपी स्थानकाशीं जाऊन पोहोंचली. तोंपर्यंत कोणत्याहि खासगी कंपनीचें यान तेथें गेलेलें नव्हतें.

परंतु पोतीं वाहणें निराळें आणि माणसें नेणें निराळें. बुडालेल्या मालाची भरपाई होते. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग व शेवटचें पाऊल उचलणारे यूजीन सर्नन यांनीं २०१० सालीं अमेरिकन काँग्रेसपुढें या नव्या धोरणाविषयीं आपली साशंकता उघड बोलून दाखविली. नवख्या कंपन्यांस आपण काय जाणत नाहीं हेंच ठाऊक नाहीं, अशा अर्थाची त्यांची टीका होती. अशा माणसांचें बोलणें उडवून लावण्यासारखें नव्हतें. काँग्रेसनेंहि हात आंखडता ठेवला. २०१२ या आर्थिक वर्षासाठीं नासानें या कामास ८५ कोटी डॉलर मागितले असतां निम्म्याहूनहि कमी मिळाले. त्यांतच कांहीं सभासदांचा आग्रह असा कीं, एकच कंपनी निवडावी. एक यान पुरे असतां दोहोंचा खर्च कां करावा? या प्रश्नाचें उत्तर नासा एकच देत आली, कीं एक बंद पडलें तर दुसरें असावें. शटलच्या दोन्ही अपघातांनंतर दोन-दोन वर्षांहून अधिक काळ उड्डाणें थांबली होतीं, त्या अनुभवाचें हें उत्तर होतें.

शेवटीं २०१४ च्या १६ सप्टेंबरास दोन मक्ते जाहीर झाले. बोइंगला ४२० कोटी डॉलर, स्पेसएक्सला २६० कोटी डॉलर. काम दोघांनाहि सारखेंच. यान बांधावें, तपासून दाखवावें, माणसें बसवून एक परीक्षा-फेरी करावी, आणि मग ठरलेल्या फेऱ्या नियमित कराव्या. २०१७ पर्यंत आरंभ व्हावा अशी अपेक्षा होती. त्या वेळीं जाणत्यांचा भरंवसा बोइंगवर होता. ती कंपनी जुनी, अनुभवी, सरकारी कामांत मुरलेली. दुसरी बारा वर्षांची पोर.

दोन्हीं यानें शटलप्रमाणें पंखांचीं नसून जुन्या अपोलोप्रमाणें कुपीच्या आकाराचीं होतीं. हें मागें जाणें नव्हे. कुपी अग्निबाणाच्या टोंकावर बसते. खालीं आग लागली तर ती स्वतःचीं जोरकस यंत्रें पेटवून माणसांसह दूर उडून जाऊं शकते व हवाई छत्र्यांनीं खालीं येऊं शकते. स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगनमध्यें अशीं आठ यंत्रें कुपीच्या भिंतींतच बसविलेलीं आहेत. बोइंगच्या स्टारलाइनरमध्यें तीं कुपीच्या तळाशीं जोडलेल्या भागांत आहेत. ड्रॅगन समुद्रांत उतरतें, स्टारलाइनर हवेच्या पिशव्यांवर जमिनीवर. नासानें दोघांनाहि अट घातली होती ती अशी कीं, २७० फेऱ्यांत एकापेक्षां अधिक वेळां उतारूंचा प्राणनाश होण्याचा संभव नसावा. शटलच्या १३५ फेऱ्यांत दोनदां तसें घडलें होतें, तें पाहतां ही अट कडक होती.

स्पेसएक्सचा मार्ग सरळ मुळींच नव्हता. २०१५ च्या २८ जूनला माल घेऊन निघालेला तिचा फाल्कन ९ अग्निबाण हवेंतच फुटला. वरच्या टांकींतील एक आधाराची दांडी तुटल्याचें कंपनीच्या चौकशींत निघालें. २०१६ च्या १ सप्टेंबरास दुसरा अग्निबाण तळावर इंधन भरतांनाच जळून गेला. या दुसऱ्या घटनेंतून एक कठीण प्रश्न उभा राहिला, कारण स्पेसएक्सची रीत अशी कीं, माणसें आधीं आंत बसवावयाचीं व इंधन मागाहून भरावयाचें. पूर्वीं याच्या उलट होत असे. यावर वर्षानुवर्षें वाद चालला, आणि सुटण्याचीं यंत्रें आधींच सज्ज ठेवावयाचीं या अटीवर नासानें ती रीत मान्य केली. २०१९ च्या मार्चमध्यें माणसांवांचून ड्रॅगनची परीक्षा-फेरी यथास्थित पार पडली. आतां सारें सुरळित झालें असें वाटतें तोंच, २० एप्रिल रोजीं तीच कुपी जमिनीवर सुटकेच्या यंत्रांची चाचणी चालू असतां स्फोट होऊन नाहींशी झाली. प्राण वांचविण्यासाठीं बसविलेल्या यंत्रणेंतच तो दोष होता! एका गळक्या झडपेंतून द्रव भलत्या नळींत शिरला होता. माणसें नसतां हें घडलें हें सुदैव खरें. पण जमिनीवर पुनःपुन्हां चाचण्या घेण्याचा हट्ट कंपनीनें व नासानें धरला होता, म्हणूनच तें सुदैव वाट्यास आलें. झडपेची रचना बदलली, आणि २०२० च्या जानेवारींत उडत्या अग्निबाणापासून कुपी सुटून येते हेंहि प्रत्यक्ष करून दाखविण्यांत आलें.

२०२० सालच्या ३० मे रोजीं, जग महामारीनें घरांत बसलें असतां, डग हर्ली व बॉब बेनकेन हे दोघे फ्लॉरिडांतील त्याच तळावरून निघाले जेथून अपोलो ११ आणि शेवटचें अटलांटिस निघालें होतें. तीन दिवसांपूर्वींचा पहिला प्रयत्न वादळी हवेमुळें शेवटच्या १७ मिनिटांवर थांबवावा लागला होता. सुमारें १९ तासांनीं यान स्थानकास लागलें. ध्वज दारावर होताच. हर्ली यांना तो दाखवावा लागला नाहीं. २०११ सालीं ज्या चौघांनीं तो लावला त्यांच्यांतलेच ते एक, अटलांटिसचे उपचालक होते. त्या फेरीचे प्रमुख ख्रिस फर्ग्युसन मात्र नंतर बोइंगमध्यें गेले होते, आणि स्टारलाइनरच्या पहिल्या फेरींत आपण जाऊं अशी त्यांची तयारी चालली होती. ध्वज लावणाऱ्या दोघांत तो परत कोण आणतो अशी ही शर्यतच होऊन बसली होती. २ ऑगस्टला हर्ली व बेनकेन मेक्सिकोच्या आखातांत उतरले तेव्हां ध्वज त्यांच्याबरोबर होता. फर्ग्युसन यांनीं घरगुती कारणास्तव त्याच वर्षीं आपलें नांव मागें घेतलें, व स्टारलाइनरमधून जाण्याचा योग त्यांना आला नाहीं.

बोइंगचें काय झालें, हें आतां पाहूं. २०१९ च्या २० डिसेंबरास स्टारलाइनर माणसांवांचून निघालें. अग्निबाणाचें काम ठीक झालें; परंतु कुपीचें घड्याळ अकरा तासांनीं चुकीचें लागलें होतें. आपण कोठें आहोंत याविषयींच त्या यंत्राची भूल झाली, त्यानें नको त्या वेळीं इंधन जाळलें, आणि स्थानकास न शिवतां दोन दिवसांत तें परत आलें. २०२१ च्या ऑगस्टमध्यें दुसऱ्या प्रयत्नाच्या आधीं तेरा झडपा अडकलेल्या आढळल्या व यान तळावरून परत न्यावें लागलें. २०२२ च्या मेमध्यें तें एकदांचें स्थानकास जाऊन आलें. मग हवाई छत्र्यांच्या दोरांचा एक दुवा पुरेसा बळकट नाहीं असें निघालें, तारांवर गुंडाळलेली फीत पेट घेऊं शकते असें निघालें. उक्त्या कामाचा नियम बोइंगच्या अंगावर आला. ठरल्या रकमेपलीकडील तोटा कंपनीचा, आणि २०२५ च्या आरंभापर्यंत तो २०० कोटी डॉलरांच्या घरांत गेला होता.

२०२४ च्या ५ जूनला अखेर बुच विल्मोर व सुनीता विल्यम्स हे दोन अनुभवी अंतराळवीर त्यांत बसून निघाले. विल्यम्स यांचें पितृकुल गुजरातेंतील झुलासण गांवचें, म्हणून भारतांतहि या फेरीकडे लोकांचें लक्ष होतें. मुक्काम आठेक दिवसांचा ठरला होता. स्थानकाजवळ जातां जातां यानाला दिशा देणाऱ्या २८ लहान यंत्रांपैकीं पांच बंद पडलीं. हेलियम वायूची गळती तर निघण्यापूर्वींच एके ठिकाणीं आढळली होती, ती आणखी ठिकाणीं दिसूं लागली. यान कसेंबसें स्थानकास लागलें. आतां प्रश्न असा: त्याच यानांतून या दोघांना परत आणावें कीं नाहीं?

जून संपला, जुलै संपला. पांचांपैकीं चार यंत्रें पुन्हां चालूं लागलीं. तशींच यंत्रें वाळवंटांतील चाचणीगृहांत पेटवून पाहिलीं, तेव्हां उष्णतेनें आंतील एक बारीकशी चकती फुगून इंधनाची वाट अडवीत असावी असें दिसलें. वर असलेल्या यंत्रांत नेमकें तसेंच झालें आहे काय, आणि परततांना तीं दगा देतील काय, हें मात्र खात्रीनें सांगतां येईना. कारण तीं यंत्रें ज्या भागांत आहेत तो भाग परततांना जळून जातो, हातीं लागत नाहीं. बोइंगचें मत यान सुरक्षित आहे असें होतें. २४ ऑगस्टला नासानें निर्णय दिला: यान रिकामें येईल, माणसें दुसऱ्या कंपनीच्या यानांतून येतील.

येथें १९८६ सालच्या त्या रात्रीची हकीकत सांगावयास पाहिजे. चॅलेंजरचे जोड-अग्निबाण थायोकोल नांवाच्या खासगी कंपनीनें बांधलेले होते. २७ जानेवारीच्या रात्रीं त्या कंपनीचे अभियंते दूरध्वनीवरून नासाच्या अधिकाऱ्यांस सांगत होते कीं, थंडी कडाक्याची आहे, सांध्यांतील रबरी कडीं ताठरतील, उड्डाण करूं नका. अधिकाऱ्यांस हें रुचलें नाहीं. त्यांची नाराजी पाहून कंपनीच्या वरिष्ठांनीं आपल्याच अभियंत्यांस बाजूस सारलें व उड्डाणास लेखी अनुमति दिली. म्हणजे त्या वेळीं कारखान्यांतील जाणते लोक ‘नको’ म्हणत होते आणि सरकारास घाई होती. अडतीस वर्षांनंतर कंपनी ‘चला’ म्हणत होती आणि सरकार थांबलें. निर्णय जाहीर करणारे नासाचे प्रमुख बिल नेल्सन हे स्वतः १९८६ च्या जानेवारींत, चॅलेंजरच्या अपघाताच्या दहाच दिवस आधीं, कोलंबिया यानांतून उतरलेले होते. दोन्ही अपघातांचा उल्लेख त्यांनीं त्या दिवशीं केला. ज्यांनीं हीं खासगी यानें भाड्यानें घेण्याचें धोरण चालविलें त्यांच्यावर एक आरोप नेहमीं होत असे, कीं सरकार पैशाबरोबर जबाबदारीहि दुसऱ्याच्या गळ्यांत बांधीत आहे. त्या ऑगस्टमध्यें असें दिसून आलें कीं, टांगा भाड्याचा असला तरी घोडें बुजरें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम मुलांना त्यांत बसविणाऱ्याकडेच राहतें.

६ सप्टेंबरच्या रात्रीं स्टारलाइनर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत अगदीं सुखरूप उतरलें. त्यावरून कांहीं लोक म्हणूं लागले कीं, मग दोघांना त्यांतच आणलें असतें तर काय बिघडलें असतें? हा युक्तिवाद लंगडा आहे. पुरांतून एक रिकामी होडी तरून आली, यावरून तींत मुलेंबाळें न बसविणारा चुकला असें ठरत नाहीं. त्या दिवशीं जें ठाऊक होतें त्यावरून निर्णयाची परीक्षा करावयाची, मागाहून जें कळलें त्यावरून नव्हे.

दोघांस आणण्याची व्यवस्था मात्र सोपी नव्हती. स्टारलाइनरचे पोशाख ड्रॅगनमध्यें चालत नाहींत. ते त्या रिकाम्या यानांतून खालीं पाठविण्यांत आले. पुढचें ड्रॅगन येईपर्यंत आणीबाणी आलीच तर, तेथें आधींपासून असलेल्या ड्रॅगनमध्यें सामानाच्या जागीं दोन तात्पुरत्या बैठका करून ठेवल्या. २८ सप्टेंबरास निघालेल्या ड्रॅगनमध्यें चारांऐवजीं दोघेच पाठविले. दोन आसनें रिकामीं ठेवलीं. ज्या दोन अंतराळवीरांचीं तीं आसनें होतीं त्यांना घरीं राहावें लागलें. शेवटीं २०२५ च्या १८ मार्चला विल्मोर व विल्यम्स फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत उतरले, तेव्हां आठ दिवसांच्या मुक्कामाचे २८६ दिवस झाले होते. कुपीभोंवतीं डॉल्फिन येऊन पोहूं लागले, आणि तें दृश्य सर्व जगानें पाहिलें.

२०१४ सालीं काटकसर म्हणून एकच कंपनी निवडली असती, आणि ती भरंवशाची म्हणून बोइंग निवडली असती, तर या दोघांसाठीं आणि स्थानकावरील पुढच्या सर्व मंडळींसाठीं पुन्हां सोयूझच्या दारीं उभें राहणें प्राप्त झालें असतें. ज्या दुसऱ्या कंपनीवर पैसे व्यर्थ जातील असें कांहींना वाटत होतें, तिचीच नाव उपयोगीं पडली. तरीहि नासाचा मूळ हेतु दोन नावांचा होता आणि तो २०२५ अखेर साधलेला नव्हता. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत बोइंगचा करार बदलून ठरलेल्या सहा फेऱ्या चारांवर आणण्यांत आल्या, व त्यांतली पहिली माणसांवांचून केवळ माल घेऊन करावयाची असें ठरलें.

ड्रॅगनवर आतां इतरहि उतारू जातात. २०२२ च्या एप्रिलपासून ॲक्सियम नांवाची कंपनी ड्रॅगनमधील आसनें घेऊन आपल्या तर्फे माणसें स्थानकावर पाठवूं लागली. त्यांत प्रथम स्वतः पैसे मोजणारे धनिक होते, मागाहून राष्ट्रें आलीं. २०२५ च्या २५ जूनला निघालेल्या तिच्या चौथ्या फेरींत भारत, पोलंड व हंगेरी या तीन देशांचे अंतराळवीर होते. भारताचे शुभांशु शुक्ल हे त्या यानाचे चालक होते. १९८४ सालीं राकेश शर्मा रशियन यानांतून गेले, त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनीं अंतराळांत गेलेले हे दुसरे भारतीय अंतराळवीर, आणि या स्थानकावर पाऊल ठेवणारे पहिले. अठरा दिवस स्थानकावर काढून १५ जुलैला ते कॅलिफोर्नियाजवळ समुद्रांत उतरले. शर्मा यांचा प्रवास दोन सरकारांच्या स्नेहाचा होता. शुक्ल यांच्यासाठीं भारत सरकारनें आसन विकत घेतलें होतें.

स्थानक मात्र आतां जुनें झालें आहे. रशियन बाजूच्या एका भागांतून हवा झिरपत असल्याचें गेलीं कांहीं वर्षें दिसून येत होतें, आणि शुक्ल यांची फेरी ज्या कारणांनीं लांबली त्यांत तेंहि एक होतें. २०३० च्या सुमारास त्याचें काम थांबवावें असें ठरलें आहे. एवढी अवजड वस्तु आपोआप कोठेंहि पडूं देतां येत नाहीं. तिला नेमक्या वेळीं वातावरणांत लोटून निर्मनुष्य महासागरांत बुडवावें लागेल. तसें लोटणारें यान बांधण्याचें काम नासानें २०२४ च्या जूनमध्यें स्पेसएक्सकडेच सोंपविलें, ८४ कोटी ३० लाख डॉलरांपर्यंतच्या करारानें. हें यान मात्र भाड्याचें नाहीं. बांधून झालें कीं तें नासाच्या मालकीचें होईल, आणि तें शेवटचें काम नासा आपल्या हातानें करील.